७,२०,७२० या संख्येत विशेष काय आहे?

यवतमाळ जिल्ह्यातील आपल्या गावी ९० क्विंटल कापूस ८,००८ रुपये भावाने विकल्यावर पावतीवर ७,२०,७२० ही रक्कम आली, तिच्यात ७२० दोनदा का आले, असे आपण विचारले आहे. ८,००८ ही १,००१ ची आठपट आहे, आणि कोणत्याही तीन अंकी संख्येला १,००१ ने गुणले की तीच संख्या शेजारी पुन्हा उमटते.

खरी गंमत मात्र वेगळीच आहे. १,००१ चे मूळ अवयव ७, ११ व १३ आहेत, तर ७२० मध्ये २ चार वेळा, ३ दोनदा आणि ५ एकदा येतो. हे सारे एकत्र आल्यामुळे ही संख्या १ ते १६ पर्यंतच्या प्रत्येक संख्येने निःशेष भागली जाते, आणि असा गुणधर्म असलेली ती सर्वांत लहान धन पूर्ण संख्या, म्हणजेच त्या सोळा संख्यांचा लसावि होय. तिला एकूण २४० विभाजक असून तिच्याहून लहान कोणत्याही संख्येला इतके विभाजक नाहीत. त्यामुळे ही रक्कम तेरा भावांत वाटली तरी पैशाचाही वाद होणार नाही. वाटेकरी सतरा निघाले तर मात्र ५ रुपये बाकी उरतील.