आधी कणा, मग अक्षरं

प्रिय,

तुझी वही मिळाली, त्यात तू रचलेली भाषा आणि तिच्यासाठी केलेली उभी लिपीही. तुझ्या कल्पनेतल्या डोंगरी लोकांना नऊ विभक्त्या कशाला लागतात ते कळलं नाही, पण व्याकरण घट्ट बसलंय. लिपीबद्दल मात्र बोलायलाच हवं. आडवी अक्षरं एकाखाली एक ठेवली की लिपी उभी होत नाही. आपल्याकडे दुकानाच्या खांबावर ‘औ-ष-धा-ल-य’ रंगवतात ना, तसं झालंय. शिरोरेघेचे पाच तुकडे, आणि डोळा दर पायरीला थांबतो.

मंगोल लिपी बघ. तिची आई उइगुर, आजी सोग्दी, या दोन्ही मध्य आशियातल्या जुन्या लिप्या, आणि मूळ पार पश्चिम आशियातल्या अरामी लिपीच्या कुळात. ही मंडळी आधी उजवीकडून डावीकडे लिहायची. असं एखादं पान घड्याळाच्या उलट दिशेने पाव वळण फिरव. ओळी वरून खाली उतरतात आणि डावीकडून उजवीकडे सरकतात, चिनी-जपानीच्या नेमक्या उलट. म्हणजे नुसतं वळवूनच जमलं की, असं तू म्हणशील. जमलं, कारण ती मुळात जोडून लिहायची लिपी. शब्दभर एक रेघ सलग उतरते. मंगोल लोक तिला कणाच म्हणतात, आणि तिला फुटणाऱ्या खुणांना दात, पोट, शेपूट. शेपूट दिसली की शब्द संपला.

मंगोल सम्राट कुबलाई खानाने १२६९मध्ये फाग्स-पा या तिबेटी लामाकडून नवी उभी लिपी करवून घेतली. तिबेटीवरून बेतलेली, म्हणजे ब्राह्मीच्या नात्याने आपल्या देवनागरीची लांबची बहीण. मागे राजाज्ञा होती, तरी चीनमधली त्याच्या घराण्याची युआन राजवट गेल्यावर ती मागे पडली आणि जुनी मंगोल टिकली. ती चौकोनी अक्षरं मी गिरवून पाहिलीत. शिक्क्यावर शोभतात, पण हात धावत नाही.

आणखी एक. तुझ्या ओळी उजवीकडून डावीकडे का सरकतात? तुझे लोक बोरूने लिहितात, तेही उजव्या हाताने. मनगट ओल्या शाईवरूनच फिरणार. चिनी कुंचला हात अधांतरी धरून चालवता येतो, बोरू तसा चालत नाही. फिलिपाइन्समधले हानुनो लोक बांबूवर सुरीने अंगापासून दूर कोरत जातात, म्हणून त्यांचा मजकूर खालून वर चढतो. तिथे दिशा हत्याराने ठरवली.

पुढच्या वेळी वर्णमालेचा तक्ता नको. एक अख्खं पान पाठव, घाईघाईत लिहिलेलं. वाणसामानाची यादीसुद्धा चालेल. विभक्त्यांवरून भेटीत भांडू.