पडद्याआड गेलेले गुन्हेपट परत कसे येतात? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : एखादा जुना गुन्हेपट लागतो, उतरतो, लोक विसरूनही जातात. आणि वीस-पंचवीस वर्षांनी त्याचे कट्टर चाहते तयार होतात. हे नेमकं कशामुळे घडतं? (एक वाचक, सातारा)

एकच सिनेमा धरून बोललं तर नीट कळेल. १९७१चा ब्रिटिश ‘गेट कार्टर’ घ्या. दिग्दर्शक माइक हॉजेस, मुख्य भूमिकेत मायकेल केन. लंडनमधला कार्टर नावाचा एक गुंड भावाच्या मृत्यूचा छडा लावायला आपल्या जुन्या गावी, न्यूकॅसलला जातो, एवढंच कथासूत्र. ब्रिटनमध्ये तो साफ आपटला असं नाही. पण त्यातली थंड क्रूरता अनेक समीक्षकांच्या पचनी पडली नाही आणि अमेरिकेत तर त्याची डाळ शिजलीच नाही. एमजीएम या अमेरिकी स्टुडिओने १९७२ मध्ये, हा सिनेमा ज्या कादंबरीवर बेतला होता तिच्यावरच कृष्णवर्णीय कलाकारांना घेऊन ‘हिट मॅन’ काढला आणि मूळ सिनेमा मागे पडला.

पुढची वीस वर्षं महत्त्वाची. ब्रिटनमध्ये या सिनेमाची व्हिडिओ कॅसेट थेट १९९३ साली आली. तोवर ज्यांनी पाहिला होता ते त्याबद्दल बोलत राहिले आणि ऐकणाऱ्यांना तो सहजासहजी मिळेना. कल्टची, म्हणजे एखाद्या सिनेमाभोवती जमणाऱ्या कट्टर चाहतावर्गाची, खरी मशागत या काळात होते. सिनेमा पूर्ण नाहीसा झाला तर बोलणारेच उरत नाहीत, आणि सतत हाताशी असला तर कुणी शोधत नाही. १९९४ला सुरू झालेल्या ‘लोडेड’ मासिकाने त्याची चित्रकथा छापली. अमेरिकी दिग्दर्शक क्वेंटिन टॅरँटिनोने जाहीर कौतुक केलं. मग संगीताची नवी आवृत्ती निघाली, १९९९ला ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने सिनेमा पुन्हा थिएटरात लावला आणि २००४ला ‘टोटल फिल्म’च्या निवडीत तो सर्वोत्तम ब्रिटिश चित्रपट ठरला. क्रम पाहा : आधी प्रेक्षक, मग मासिकं, सगळ्यात शेवटी संस्था. संस्थांनी पहिल्यापासून डोक्यावर घेतलेल्या सिनेमाला मान मिळतो, पण त्याच्यासाठी भांडणारे चाहते क्वचितच मिळतात.

प्रश्न : म्हणजे सगळा खेळ दुर्मिळतेचा? सिनेमात स्वतःचं काही नको? (एक वाचक, डोंबिवली)

हवंच. दुसऱ्यांदा पाहताना नवं काही हाती लागलं नाही, तर पहिल्या भेटीतच उत्सुकता संपते.

‘गेट कार्टर’ची सुरुवात बघा. कार्टर लंडनहून ट्रेनने निघालाय, हातात गुन्हेकथाकार रेमंड चँडलरची कादंबरी. त्याच डब्यात आणखी एक माणूस बसलाय, त्याच्या बोटात ‘जे’ अक्षराची अंगठी. पहिल्यांदा पाहताना तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. शेवट इथे सांगत नाही. पण तो पाहून झाला की पहिली पाच मिनिटं परत लावा. अख्खा सिनेमा वेगळा दिसू लागतो. हॉजेस यांनी त्या माणसाकडे बोट दाखवलेलं नाही, नुसता बसवून ठेवलाय. ही शिस्त फार थोड्या गुन्हेपटांत सापडते.

त्याच प्रवासात रॉय बड यांची शीर्षकधून वाजते. हार्पसिकॉर्ड आणि इलेक्ट्रिक पियानो स्वतः बड यांचा, डबल बास जेफ क्लाइन यांचा आणि तबला ख्रिस कॅरन यांचा. होय, तबला! रुळांच्या खडखडाटात तो असा मिसळलाय की आपल्या कानांनाही पहिल्या झटक्यात ओळखू येत नाही. संगीतासाठी पैसे जेमतेम होते, म्हणून मोठा वाद्यवृंद नाही. त्या टंचाईतूनच ही धून इतकी सडसडीत झाली.

तिसरी गोष्ट जागांची. कादंबरीतलं गाव सोडून हॉजेस यांनी कथा न्यूकॅसल-गेट्सहेडला नेली आणि १९७०च्या उन्हाळ्यात प्रत्यक्ष जागांवर चित्रण केलं. छायाचित्रकार वोल्फगांग सुशित्स्की मूळचे माहितीपटवाले. त्यामुळे गल्ल्या, दारूचे गुत्ते, कोळसा खाणीतला टाकाऊ माल पाळण्यांतून समुद्रात ओतणारी यंत्रणा, सगळं जसंच्या तसं टिपलं गेलं. यातलं बरंचसं आज उरलेलं नाही. गेट्सहेडचं काँक्रीटचं बहुमजली वाहनतळ सिनेमामुळे इतकं प्रसिद्ध झालं की २०१० मध्ये ते पाडलं, तेव्हा त्याचे तुकडे डब्यांत भरून आठवण म्हणून विकले गेले. सेटवर बांधलेल्या शहराच्या वाट्याला हे येत नाही.

प्रश्न : मग विस्मरणात गेलेले इतर शेकडो गुन्हेपट वर का येत नाहीत? (एक वाचक, नाशिक)

बहुतेकांचं घोडं हक्क आणि प्रिंट यांत अडतं. हक्क कुणाकडे हे ठरत नसेल, तर कुणी पैसे घालत नाही. उलट टोकाचं उदाहरण म्हणजे एडगर उल्मर यांचा १९४५चा ‘डीटूर’, अत्यंत कमी पैशांत केलेला. त्याच्या कॉपीराइटचं नूतनीकरण झालं नाही, त्यामुळे तो कुणालाही फुकट दाखवता आला. टीव्हीवर वारंवार लागला आणि त्यातूनच नावारूपाला आला. पण फुकटच्या मालाची निगा कोण राखणार? वर्षानुवर्षं लोकांनी त्याच्या चिरा पडलेल्या, आवाज फाटलेल्या प्रतीच पाहिल्या. २०१८च्या पुनरुज्जीवनासाठी बेल्जियममधली जुनी प्रिंट कामी आली. तिच्यावर छापलेली फ्रेंच आणि फ्लेमिश उपशीर्षकं संगणकावर फ्रेमगणिक पुसावी लागली.

आपल्याकडे कुंदन शाह यांच्या ‘जाने भी दो यारो’ला (१९८३) दूरदर्शनने असाच हात दिला. खुनाच्या छायाचित्राभोवती फिरणारा, मुंबईच्या बिल्डरांचं पितळ उघडं पाडणारा तो सिनेमा आज अनेकांना संवादांसकट पाठ आहे.

प्रश्न : आमच्या फिल्म सोसायटीत ‘गेट कार्टर’ दाखवायचाय. प्रत कोणती घ्यावी? (एक वाचक, कोल्हापूर)

आधी परवानगी. डीव्हीडी वा ब्लू-रे विकत घेतली म्हणजे घरी पाहण्याची मुभा मिळाली, सार्वजनिक खेळाची नाही. एमजीएमचे त्या काळातले बहुतेक सिनेमे आता वॉर्नर ब्रदर्स कंपनीकडे आहेत, तेव्हा पत्र तिकडे धाडा, आणि निदान दोन महिने आधी.

प्रतीचं म्हणाल तर २०२२ मध्ये मूळ निगेटिव्हवरून केलेली, हॉजेस यांनी स्वतः पसंत केलेली फोर-के आवृत्ती मागा. जुनी युरोपीय डीव्हीडी नको. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमनी चालतो, त्या डीव्हीडीची पद्धत २५ फ्रेमची. त्यामुळे ११२ मिनिटांचा सिनेमा सुमारे एकशे साडेसात मिनिटांत संपतो आणि सगळे आवाज अर्ध्या सुराहून थोडे कमी चढतात. केन यांच्या खालच्या पट्टीतल्या धमक्या त्यात पातळ होतात. डब्यावर १०७ किंवा १०८ मिनिटं लिहिलेलं दिसलं की समजा.

चौकट (रुंदी : उंची) १.८५ : १ ठेवा. प्रोजेक्टर पडदा भरण्यासाठी चित्र आपोआप ताणत असेल, तर ती सोय बंद करा. तपासायला गोल वस्तू असलेली एखादी फ्रेम थांबवून पाहा. इंग्रजी उपशीर्षकं हवीतच. न्यूकॅसलची बोली इंग्रजीत मुरलेल्यांनाही चटकन उमगत नाही. कार्टरच्या टोळीतल्या लंडनकरांचं बोलणं कळणार नाही म्हणून अमेरिकेसाठी सुरुवातीचे संवाद पुन्हा ध्वनिमुद्रित करावे लागले होते. आणि दिवे ट्रेनचा प्रसंग सुरू होण्याआधी पूर्ण मालवा, उशिरा येणाऱ्यांसाठी दार उघडं ठेवू नका. ती अंगठी तिथेच दिसते.