रंधा घेतलास ना, मग आधी हे वाच

अरे तुझ्या नव्या रंध्याचा फोटो बघितला आणि आमचे सुतारकामाचे सर आठवले. गेल्या पावसात गेले ते. मला जे काय येतं ते हायस्कूलच्या वर्कशॉपमधे त्यांनीच शिकवलंय, म्हणून सांगतो, एवढ्यात सागवान आणू नको. सर आम्हाला फणसाचे तुकडे द्यायचे, ताजं रंधलं की हळदीसारखं पिवळंधम्मक, मग दिवस जातील तसं तपकिरी होत जातं, आणि फुकट गेलं तरी जीव जळत नाही.

आधी कडेने लाकडातल्या रेषा बघ, त्या वर चढत जातात त्याच दिशेला रंधा चालव, उलटा गेलास की लाकूड उचकटतं. माझं असं व्हायचं तेव्हा सर कधी ओरडले नाहीत, मागे येऊन माझ्या हातावर हात ठेवायचे आणि ढकलायचे, तो खरखरीत तळवा अजून जाणवतो मला, आणि मग त्या पातळ सालीचा सरसर आवाज.

दुसरं म्हणजे आपल्याकडचा पाऊस. लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळपास नाहीच, त्यामुळे मे महिन्यात टेबलाचा खण केलास तर थोडी फट ठेवच, नाहीतर जुलैत उघडणार नाही. सर खणाच्या फटीत पोस्टकार्ड घालून बघायचे.

त्यांनी दिलेला गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं अवजार, माझ्याकडे आहे. रत्नागिरीला आलास की घेऊन जा, महिनाभर वापर.