१० बाय १२ च्या खोलीत आधी काय घ्यावं, मॉनिटर स्पीकर की हेडफोन?

तुमची परिस्थिती आधी थोडक्यात लिहितो म्हणजे इतरांनाही समजेल. फ्लॅटमधली १० बाय १२ ची बेडरूम, स्लॅब साडेनऊ फुटांवर, घरीच अभंग आणि भावगीतं रेकॉर्ड करताय, आवाज, पेटी आणि टाळ खरे, तबला लूपवर, पट्टी काळी एक, बजेट ३० हजार आणि दुकानदार म्हणतोय आठ इंची मॉनिटर घ्या, बेस मस्त येतो.

आठ इंची अजिबात घेऊ नका. आणि खरं सांगायचं तर आज मॉनिटरच घेऊ नका. आधी एक चांगला क्लोज्ड (मागून बंद कपांचा) हेडफोन, मग खोलीचं थोडं काम, आणि मग पाच इंची जोडी. हा क्रम बदलला की पैसे वाया जातात, ज्यांच्या घरी सेटअप लावायला गेलोय तिथे बहुतेक वेळा हेच बघितलंय, मॉनिटर महागातले आणि मिक्स मात्र बाहेर गाडीत लावलं की चिखल.

का ते सांगतो. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. तुमच्या खोलीची १२ फुटांची बाजू ४७ हर्ट्झच्या आसपास घुमणार, १० फुटांची ५६ ला आणि उंची ५९ ला. शेवटचे दोन आकडे बघा किती जवळ आहेत, म्हणजे ५५ ते ६० मध्ये दोन्ही घुमारे एकावर एक चढणार. आठ इंची वूफर (खालचे स्वर वाजवणारा कोन) नेमकी तिथेच जास्त ताकद ओतणार. भिंतीजवळ बसलात तर डग्गा अंगावर येईल, खोलीच्या मधोमध बसलात तर गायब होईल, आणि तुम्ही ज्याला बेस समजून ईक्यू (खालचे-वरचे स्वर कमी-जास्त) करत बसाल ती तुमची खोली असेल, गाणं नसेल. पटत नसेल तर आहे त्या स्पीकरवर ४० पासून २०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा साइन टोन (एकसुरी शुद्ध आवाज) लावा आणि खोलीत फिरा. काही जागी टोन फुगतो, दोन पावलं सरकलात की नाहीसा होतो. त्यातच कुठेतरी लोखंडी कपाटाचं दार थरथरेल, स्लायडिंग खिडकीच्या काचा वाजतील, ते पण लिहून ठेवा, दाराला फेल्टचा तुकडा लावला तरी फरक पडतो.

आता तुम्हाला बेस लागतो तरी किती? काळी एकचा मध्य सप्तकातला सा साधारण १३८ हर्ट्झ, तानपुऱ्याचा खरज (खालचा सा) ६९. यामाहा एचएस५ चं स्पेसिफिकेशन बघा, ७४ हर्ट्झला ३ डीबी (डेसिबल) खाली आणि ५४ ला १० डीबी खाली. म्हणजे खरज थोडा हलका होतो पण जात नाही, आणि तानपुऱ्यात आपल्याला जे ऐकू येतं ते जास्त करून जवारीतले (तारेच्या झणकारातले) वरचे स्वरच असतात. खाली फक्त डग्ग्याचा घुमारा उरतो, तो हेडफोनवर तपासता येतो. पाच इंची तुम्हाला पुरतो, आणि शेजाऱ्यांनाही.

हेडफोनमध्ये क्लोज्ड म्हणतोय कारण तुम्ही गाताय. ओपन बॅक (मागून उघडा) हेडफोन घालून गायलात की तानपुऱ्याचा ट्रॅक माइकमध्ये झिरपतो, आणि मग एखादी ओळ बदलून गायची झाली की जुन्या टेकमधला झिरपलेला तानपुरा तिथे तुटतो आणि सांधा कळतो. ऑडिओ टेक्निका एम४०एक्स किंवा बायरडायनॅमिक डीटी ७७० प्रो, यातला कुठलाही घ्या. एम४०एक्स ३५ ओहमचा, लॅपटॉपवर, मोबाइलवर कशावरही वाजतो, केबल काढता येते. डीटी ७७० तीन प्रकारांत येतो, ३२, ८० आणि २५० ओहम, तुमच्या छोट्या इंटरफेसवर (माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या डबीवर) ८० चा घ्या, २५० चा घेतलात तर नॉब शेवटपर्यंत फिरवूनही जोर नाही असं वाटू शकतं. ८० च्या प्रकाराचे पॅड मखमली असतात, रेग्झिनसारख्या पॅडची आपल्याकडच्या दमट हवेत सालं निघतात तसं यांचं होत नाही. ब्लूटूथचे हेडफोन गाण्यासाठी बादच, आवाज इतका उशिरा कानात येतो की लय धरता येत नाही.

एक मात्र लक्षात ठेवा, हेडफोनवर डाव्या कानाला उजवी बाजू ऐकूच येत नाही. त्यामुळे पॅनिंग (वाद्यांची डावी-उजवी मांडणी) खऱ्यापेक्षा रुंद वाटतं आणि रिव्हर्ब (घुमण्याचा इफेक्ट) जास्त ऐकू येतो, म्हणून माणूस तो कमी टाकतो, आणि स्पीकरवर गाणं कोरडं वाजतं. टाळांचंही तसंच. ज्या हेडफोनचा ट्रेबल तिखट आहे, उदाहरणार्थ डीटी ९९०, त्यावर टाळ टोचतात, तुम्ही ते कापता आणि दुसरीकडे टाळ मेल्यासारखे वाजतात. तुमच्या आवडीच्या, चांगल्या मिक्स झालेल्या दोन-तीन अभंगांच्या फाइल्स प्रोजेक्टमध्येच ठेवा, लेव्हल आपल्या मिक्सइतकी खाली आणा आणि दर थोड्या वेळाने त्यावर उडी मारून परत या.

मॉनिटर आणाल तेव्हाची गोष्ट. ते बहुतेक एकेक विकले जातात, किंमत एकाची आहे की जोडीची ते विचारून घ्या. एचएस५, जेबीएल ३०५पी, अॅडम टी५व्ही, तिन्ही चांगले, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा जिथे मिळतील तिथे स्वतःची गाणी घेऊन जाऊन ऐका. एचएसचा पांढरा कोन बघून तो जुन्या एनएस-१० सारखाच वाजणार असं धरून चालू नका, एनएस-१० हा १९७८ साली घरगुती हायफाय म्हणून आलेला स्पीकर, त्याचा स्वभाव वेगळा.

टेबल १० फुटांच्या भिंतीकडे लावा, आवाज लांबीच्या दिशेने जाऊ दे, कान त्या भिंतीपासून साडेचार फुटांच्या आसपास, ट्वीटर (वरचे स्वर वाजवणारा छोटा कोन) कानाच्या उंचीला, दोन स्पीकर आणि डोकं मिळून समभुज त्रिकोण. आता सगळ्यात महत्त्वाचं. स्पीकरचं तोंड मागच्या भिंतीपासून दोन फुटांवर ठेवलंत तर भिंतीवरून परतणारा आवाज १४० हर्ट्झच्या आसपास मूळ आवाजाला खातो, म्हणजे नेमका तुमचा सा पडणार! तुम्हाला वाटेल आवाजात दम नाही, तुम्ही तिथे बूस्ट द्याल. आणि अशी पडलेली जागा ईक्यूने भरत नाही, कारण जेवढं वाढवाल तेवढंच परतून येऊन खातं. म्हणून स्पीकर भिंतीजवळ सरकवा, मागच्या पोर्टला (हवेच्या भोकाला) चार-पाच इंच जागा सोडा, एचएस५ च्या मागे रूम कंट्रोलचा स्विच असतो तो -२ ला टाका, भिंतीमुळे फुगलेला बेस त्याने खाली येतो.

खोलीच्या कामाला फार खर्च नाही. अंड्याचे ट्रे आणि पातळ फोम विसरा, ते फक्त वरचे स्वर खातात आणि खोली आणखी बोदी करतात. ४८ डेन्सिटीची (घनमीटरला ४८ किलो) रॉकवूल (दगडी लोकर), चार इंच जाडी, सुताराकडून फ्रेम, वर सुती कापड घट्ट ताणून, असे दोन पॅनेल स्पीकरच्या मागे आणि दोन बाजूच्या भिंतींवर जिथून आवाज आपटून कानाकडे येतो तिथे. ती जागा शोधायला कोणाला तरी भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा, खुर्चीतून स्पीकर दिसला की तिथे खूण करा. जुनी कापसाची गादी असेल तर गुंडाळून कोपऱ्यात उभी करा, टाइल्सवर सतरंजी. रॉकवूल कापताना मास्क आणि हातमोजे घालाच.

केबल बॅलन्स्ड टीआरएस (खरखर रोखणारी, तीन जोडांच्या पिनेची) घ्या, लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून दोन पिना काढून मॉनिटरला देऊ नका, चार्जर लावला की घूं सुरू होते. तरीही आली तर इलेक्ट्रिशियनला सॉकेटचं अर्थिंग तपासायला सांगा, जुन्या बिल्डिंगमध्ये तीन भोकं असतात पण अर्थ जोडलेलीच नसते.

तर या महिन्यात हेडफोन आणि रॉकवूल, उरलेले पैसे बाजूला. दार, खिडकी आणि कपाट कुठल्या भिंतीला आहे ते कळवा, टेबल नेमकं कुठे बसेल ते सांगतो.