कोण कुठल्या खोलीत झोपतं

प्रिय पोरी,

तुझा निबंध दोनदा वाचला. व्याकरणाच्या चुका लाल पेनाने दाखवल्या आहेत, त्या किरकोळ आहेत. तरी निबंध परत पाठवतेय, कारण त्यात जपान मला कुठे सापडला नाही. वेळेवर येणाऱ्या गाड्या, कचराकुंडी नसूनही स्वच्छ रस्ते, भूकंपातही रांग न मोडणारी माणसं, आणि शेवटी ‘शिस्त जपानी माणसाच्या रक्तातच असते’ हे वाक्य. तीस वर्षं पुण्यात जपानी शिकवतेय, आणि दर बॅचला हे वाक्य माझ्या टेबलावर येतं. एप्रिलमध्ये तू ओसाकाला नोकरीवर रुजू होशील. त्याआधी ते तुझ्या डोक्यातून जावं, एवढ्यासाठी हे पत्र.

‘आधुनिक जपान’ हा विषय सोडून दे. एकच वर्ष घे, 1995. जपानी गणतीने हेइसेई 7, म्हणजे तेव्हाच्या सम्राटाच्या कारकिर्दीचं सातवं वर्ष. जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत महिना-महिना वाचत जा.

17 जानेवारी, पहाटे 5 वाजून 46 मिनिटं. कोबे शहर आणि समोरचं आवाजी बेट हादरलं. 6,434 माणसं गेली. बहुतेक जण झोपेतच, आपल्याच घराखाली. तिथल्या जुन्या लाकडी घरांवर मातीत बसवलेली जड कौलं होती. वादळात छप्पर उडू नये म्हणून ती तशी बसवायची पद्धत. भूकंपात तोच भार वरच्या मजल्यासकट खालच्या खोलीवर आला. माझं माहेर उमरग्याकडचं. किल्लारीच्या भूकंपाला तेव्हा सोळा महिनेही झाले नव्हते. कोबेचे फोटो पेपरात पाहिले तेव्हा मला आमच्याकडची माळवदं आठवली. तिथेही पहाटच होती, आणि उन्हाळ्यात गार राहावं म्हणून घातलेली मातीच माणसांच्या अंगावर आली होती.

आता सरकारकडे बघ. पंतप्रधान मुरायामांना बातमी टीव्हीवरून कळली. ह्योगो प्रांताच्या गव्हर्नरकडून सैन्य पाठवण्याची रीतसर विनंती जायला चार तास लागले. कोबेच्या नागाता भागात घरं जळत होती आणि अग्निशमनाच्या नळांना पाणी नव्हतं. ज्या देशाची व्यवस्था आपण डोळे मिटून वाखाणतो, तो देश त्या सकाळी चाचपडत होता. हे तुझ्या निबंधात यायला हवं. कमीपणा दाखवायला म्हणून नव्हे. पुढचं सगळं इथून सुरू होतं, म्हणून.

ढिगाऱ्याखालून जिवंत निघालेल्या दर दहा माणसांतली जवळजवळ आठ शेजाऱ्यापाजाऱ्यांनी बाहेर काढली, असा अंदाज आहे. हाताने, करवतीने, गाडीच्या जॅकने. आवाजी बेटावरच्या होकुदान गावाची गोष्ट मी दर वर्षी वर्गात सांगते. भूकंपाचं केंद्र अगदी जवळ, घरं भुईसपाट. पण गावातल्या माणसांना, अग्निशमनाच्या स्वयंसेवकांना ठाऊक होतं की अमक्या घरातली आजी मागच्या खोलीत झोपते, तमक्यांची मुलं जिन्याखालच्या खोलीत. त्यामुळे नेमकं कुठे खणायचं हे कुणाला विचारावं लागलं नाही. त्याच दिवशी संध्याकाळच्या आत त्यांचा शोध संपला होता.

याची दुसरी बाजूही वाच, ती जास्त महत्त्वाची आहे. बेघर झालेल्यांसाठी 48 हजारांवर तात्पुरती घरं उभारली गेली आणि ती सोडत काढून वाटली. म्हातारी माणसं आणि अपंग आधी. कागदावर याहून न्याय्य काय असणार? पण सोडतीने गल्ल्या फुटल्या. चाळीस वर्षांचे शेजारी शहराच्या वेगवेगळ्या टोकांना गेले आणि दाराला दार लागून अनोळखी माणसं आली. त्या वस्त्यांमध्ये दोनशेहून जास्त माणसं एकटी, कुणाला न कळता मरून पडली. ‘कोदोकुशि’, एकाकी मरण, हा शब्द तुला यादीत पाठ करायला दिला होता, आठवतो? तो जपानभर तोंडी झाला तो इथून. 2004 मध्ये नीगाता प्रांतात भूकंप झाला, तेव्हा यामाकोशी गावाला वाडीवार एकत्र ठेवून घरं दिली गेली. नऊ वर्षांत शिकलेली गोष्ट आहे ही. रक्तात असती तर शिकावी कशाला लागली असती?

त्या वर्षाला जपानी माणूस ‘बोरान्तिआ गान्नेन’ म्हणतो. गान्नेन म्हणजे नव्या सम्राटाच्या कारकिर्दीचं पहिलं वर्ष. स्वयंसेवेच्या युगाचं पहिलं वर्ष म्हणून हा मान 1995 ला मिळाला. पाठीवर सॅक टाकून मुलं कोबेला आली, वर्षभरातली हजेरी मोजली तर 13 लाखांच्या वर. त्यांच्या गटांना स्वतःच्या नावाने बँकेत खातं उघडता येईना, जागा भाड्याने घेता येईना, कारण कायद्यात त्यांना स्थानच नव्हतं. त्यांना स्थान देणारा कायदा 1998 मध्ये झाला.

कोबेच्या छावण्या भरलेल्या असतानाच 20 मार्च आला. सकाळी आठच्या सुमारास तोक्योच्या भुयारी रेल्वेत, तीन मार्गांवरच्या पाच गाड्यांमध्ये, ओम शिन्रिक्यो पंथाच्या लोकांनी सारिन हा विषारी वायू सोडला. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, आणि त्या भोसकायला टोक घासलेल्या छत्र्या. कासुमिगासेकी स्टेशनवरचे दोन कर्मचारी त्या पिशव्या बाहेर काढताना गेले. त्यानंतर स्टेशनांवरच्या कचराकुंड्या हलवल्या गेल्या. तुझ्या निबंधातल्या ‘कचराकुंडी नसूनही’मागे ती सकाळ आहे, पोरी.

तोक्योच्या त्सुकिजी भागातल्या सेंट ल्यूक हॉस्पिटलमध्ये त्या दिवशी 640 रुग्ण आले. हॉस्पिटलच्या प्रार्थनागृहात लोकांना आडवं करून ऑक्सिजन लावला गेला, कारण तिथल्या भिंतींत ऑक्सिजनच्या नळ्या आधीपासून होत्या. प्रमुख डॉक्टर हिनोहारा शिगेआकी यांनी 1945 मध्ये तोक्योवरचा बॉम्बहल्ला पाहिला होता. भाजलेली माणसं दारात आणि आत जागा नाही, हे ते विसरले नव्हते. म्हणून 1992 च्या नव्या इमारतीत त्यांनी व्हरांड्यात, प्रार्थनागृहात नळ्या घालायला लावल्या. तेव्हा लोक याला उधळपट्टी म्हणाले होते.

तू इंजिनियर आहेस, म्हणून हे मुद्दाम लिहिते. सारिन बनवणारी मुलं चांगल्या विद्यापीठांतून रसायन, भौतिक, वैद्यक शिकलेली होती. त्यांच्यावर घाईघाईने एका ओळीत निकाल देऊ नकोस, वेळ घेऊन वाच. आणि वर्तमानपत्रं वाचताना एक जपून. 1994 च्या जूनमध्ये मात्सुमोतो शहरात याच वायूने माणसं मेली, तेव्हा पोलिसांना पहिली खबर देणाऱ्या माणसालाच पेपरांनी गुन्हेगार ठरवलं होतं. त्याची बायको त्याच वायूने बेशुद्ध पडलेली. माफी मागायला 1995 उजाडलं.

एप्रिलमध्ये एका डॉलरला 80 येनही मिळेनात, 15 ऑगस्टला मुरायामांनी आक्रमण आणि वसाहतीच्या राजवटीबद्दल माफी मागितली, डिसेंबरात मोन्जु अणुभट्टीतून सोडियम गळला आणि त्याचं चित्रीकरण दडवलं गेलं. यांतलं एखादंच घे, सगळं कोंबू नकोस.

दक्षिणेकडचा ओकिनावा हा बेटांचा प्रांत मात्र गाळू नकोस. 4 सप्टेंबरला तीन अमेरिकन सैनिकांनी तिथल्या 12 वर्षांच्या मुलीला पळवून तिच्यावर बलात्कार केला. 21 ऑक्टोबरला गिनोवान शहरात 85 हजार माणसं जमल्याचं आयोजकांनी सांगितलं. गव्हर्नर ओता मासाहिदे यांनी अमेरिकी लष्करी तळांसाठी जमिनी भाड्याने देण्याच्या कागदांवर सही करायला नकार दिला. देशाची 0.6 टक्के जमीन असलेल्या प्रांतावर तेव्हा अमेरिकी तळांची सुमारे 75 टक्के जमीन होती. दुसऱ्या वर्षी गिनोवानमधला फुतेन्मा तळ परत करायचं ठरलं. तो तळ अजून तिथेच आहे. कोबेपासून देश शिकला असं मी वर म्हटलं, ते लिहिताना हे माझ्या मनात सलत होतं. कुणाच्या दुःखातून देश शिकतो आणि कुणाच्या नाही, हा प्रश्न मला सुटलेला नाही. तुला सुटला तर मला समजाव.

वर्षाचं अक्षर निवडायची प्रथाही त्याच डिसेंबरात सुरू झाली. क्योतोच्या कियोमिझु मंदिरात मोठ्या कुंचल्याने लिहिलेलं पहिलं अक्षर होतं ‘शिन्’, हादरणं. वर पाऊस, खाली ड्रॅगन, पंधरा रेघा. तू ते निबंधात चुकवलं आहेस, खालची शेवटची रेघ बघ.

पुढच्या 16 जानेवारीला ओसाकाहून कोबेला मुक्कामाला जा. पहाटे हिगाशी युएन्चि बागेत कंदील लावतात, बांबू कापून केलेले. 5 वाजून 46 मिनिटांनी सगळे गप्प उभे राहतात. फोटो काढू नकोस.

आणि एप्रिलमध्ये खोली मिळाली की पहिल्याच आठवड्यात शेजाऱ्यांची दारं वाजव. समोरची तीन, बाजूची दोन, अशी जुनी रीत आहे. पुण्याहून काहीतरी छोटं, टिकणारं घेऊन जा. वाकून नाव सांग, कुठल्या मजल्यावर राहतेस ते सांग. त्यांची नावं मला पहिल्या पत्रात कळव.

तुझी,
सेन्सेई