सेप्सिसमध्ये (जंतुसंसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागतात ती अवस्था) शिरेतून व्हिटॅमिन सी दिल्याने रुग्ण वाचतो का?

नाही, आणि नेहमीचा उपचार म्हणून ते देऊ नये.

आशा निर्माण झाली ती 2017 च्या एका अमेरिकन अभ्यासामुळे. दर 6 तासांनी 1.5 ग्रॅम व्हिटॅमिन सी, सोबत हायड्रोकॉर्टिसोन (स्टेरॉइड) आणि थायामिन (व्हिटॅमिन बी-1). मृत्यू 40 टक्क्यांवरून 8.5 वर. पण दोन्ही गटांत फक्त 47-47 रुग्ण, तेही वेगवेगळ्या महिन्यांतले. चिठ्ठ्या टाकून केलेली विभागणी नव्हतीच. इतका मोठा फरक दिसला की आधी अभ्यासाच्या रचनेवरच शंका घ्यावी.

2022 च्या 'लोव्हिट' चाचणीत साधारण 870 रुग्णांना 50 मिग्रॅ प्रति किलो, दर 6 तासांनी, 96 तासांपर्यंत व्हिटॅमिन सी किंवा प्लासिबो (औषध नसलेला, तसाच दिसणारा डोस) दिला. 28 व्या दिवशी मृत्यू किंवा अवयव निकामीच राहणे: व्हिटॅमिन सी गटात 44.5 टक्के, प्लासिबो गटात 38.5. म्हणजे नुकसानच.

तरीही कुठे दिले जात असेल, तर साखरेकडे फार लक्ष द्या. बोट टोचून मोजणारी बरीच ग्लुकोमीटर यंत्रे व्हिटॅमिन सीलाच ग्लुकोज समजून आकडा खोटा वाढवतात. त्यावर इन्सुलिन दिले की साखर जीवघेणी खाली येते. रक्त प्रयोगशाळेतच तपासा. मूत्रपिंडात ऑक्झलेट (व्हिटॅमिन सीपासून बनणारा क्षार) साचू शकते. जी-6-पीडी (लाल पेशींचे रक्षण करणारे एन्झाइम) कमी असेल तर लाल पेशी फुटतात.

सेप्सिसमुळे रक्तदाब कोसळला, म्हणजे शॉकमध्ये, जीव वाचतो तो तासाभरात योग्य अँटिबायोटिक, पहिल्या 3 तासांत किलोमागे 30 मिली सलाइन किंवा रिंगर लॅक्टेट, सरासरी रक्तदाब 65 मिमी पारा ठेवण्यापुरते नॉरअॅड्रेनालिन (रक्तदाब वाढवणारे औषध) आणि पू असेल तर तो लवकर काढणे, यांमुळे.