हातांकडे बघ

बाळा,

तुझा राजहंसगडाचा गेम बघितला, सोबतची कथाही वाचली. गडाची वाट, बुरूज, पावसाळी धुकं, सगळं देखणं काढलंयस. पण गड चढताना खेळणाऱ्यानं काय करायचं, हे एवढ्या पानांत कुठंच नाही. 'पुढे' दाबायचं आणि वाचायचं. याला गेम म्हणू नकोस.

गेम ही कला की नुसता टाइमपास, असं विचारतोस. घरात यावरून काय चाललंय ते कळतंय मला. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं २०१२ साली १४ गेम आपल्या संग्रहात घेतले, एवढं बाबांना सांग आणि तो वाद तिथंच सोड. तू आधी हे बघ, की खेळणाऱ्याच्या हातांना तू काय करायला लावतोस?

त्या १४ मधला जेसन रोररचा 'पॅसेज' खेळ. २००७ चा, जेमतेम पाच मिनिटांचा. ठिपक्यांचा एक माणूस चालत निघतो. वाटेत बाई भेटते. तिला सोबत घेतलं की अरुंद फटींतून जाता येत नाही, पलीकडच्या खजिन्याच्या पेट्या राहून जातात. म्हातारपणी ती आधी जाते, आणि मग तुझ्या माणसाची चालच मंदावते. संसारावर एक ओळ लिहिलेली नाही त्यात. सगळं बोटांना कळतं.

आणि अटारी कंपनीचा 'ई.टी.' बघ, १९८२ चा. त्याच नावाचा सिनेमा तुफान चाललेला, पण गेम पाचेक आठवड्यांत उरकलेला. खेळणारा सारखा खड्ड्यात पडायचा. न खपलेल्या कॅसेटी न्यू मेक्सिकोत जमिनीत पुरल्या, त्या २०१४ साली उकरून काढल्या. मोठ्या नावावर पहिले चार दिवस निघतात रे, पुढं हातच ठरवतात.

बेळगावच्या शहापुरात माझं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. मारिओ कधी न पाहिलेलं पोर कॅसेट फुंकून बसलं, की मी गल्ला सोडून त्याच्या मागं उभा राहायचो. मारिओ डाव्या कडेला, उजवीकडं सगळी मोकळी जागा, म्हणजे जायचं तिकडंच. पहिला शत्रू अंगावर येतो, पोर मरतं, पुन्हा सुरू करतं आणि या खेपेला उडी मारतं. मराठी शाळेतलं असो, कन्नड असो, उर्दू असो, कुणाला काही सांगावं लागलं नाही. मारिओ बनवणाऱ्या शिगेरू मियामोतोनं १९८५ साली जपानात बसून ते तसं रचलं होतं. मला मात्र गल्लीनं पोरं बिघडवणारा ठरवलं. शेवटी दुकान उठवावं लागलं, त्याची सल अजून जात नाही. तिथं पोरं शिकत होती, हे मी आजही कुणाच्याही तोंडावर सांगेन.

तेव्हा कथा, रंग, तोफांचे आवाज, सगळं आता बाजूला ठेव. एक चौकोनी ठिपका घे आणि त्याला एकच कडा चढू दे. पकड सुटेल अशी धास्ती बोटांना वाटली पाहिजे. ती वाटेपर्यंत पुढं सरकू नकोस.

रविवारी लॅपटॉप घेऊन ये. गल्लीतलं एखादं पोर बोलावून ठेवतो. ते खेळताना तू मागं उभं राहायचं, हातांकडं बघायचं आणि तोंड उघडायचं नाही. कुठलं बटण दाबायचं तेही सांगायचं नाही. जिथं अडेल तिथलं लिहून घे, रात्री बसून दुरुस्त करू. जेवायला इथंच आहेस, घरी सांगून ये.

तुझा काका